हवेतली अकरा नावं

वलीभाई घाबरट माणूस. हे मी त्यांच्या तोंडावर इतक्यांदा सांगितलं आहे, की लिहायला संकोच वाटत नाही. ऑफिसातून निघताना ते कुलूप ओढून पाहायचे, जिना उतरायचे, परत वर यायचे आणि पुन्हा ओढून पाहायचे. हिवाळ्यातही छत्री बाळगायचे. एसटीत खिडकीजवळ बसायचे नाहीत, कारण झोप लागली आणि हात बाहेर राहिला तर? मी म्हणायची, "वलीभाई, हात तुमचाच हाय ना? मंग आत घ्या." ते हसायचे, पण जागा बदलायचे नाहीत.

मूळचे अचलपूरचे. आधी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग गच्च्यागच्च्यांवरून केबलची तार ओढली, मग कॉम्प्युटर. जे जे नवं आलं ते शिकले, पण हौसेनं नाही. मागे पडलो तर घर उपाशी राहील, या धास्तीनं शिकले. त्यांचे वडील दुसऱ्याचं वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाचा ठरीव पैसा देऊन, करायचे. आमच्याकडे वेचलेला कापूस घरातच साठवतात, समोरच्या खोलीत पार आढ्यापर्यंत. लहानपणी एकदा गावात गडबड झाली, तेव्हा आईनं वलीभाईंना त्या कापसात पुरून ठेवलं होतं. बाहेर माणसं पळत होती, कोणीतरी दार वाजवत होतं, आणि आत नाकातोंडात कापूस. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगताना तोंडानं श्वास घेत होते. त्यानंतर मी त्यांना चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं. स्वभावाला औषध नसतं.

मी सुभद्रा. अमरावतीला आमच्या संस्थेचं ऑफिस होतं, त्यातल्या फोनच्या खोलीची जबाबदारी माझ्यावर. गावाकडच्या दुःखात सापडलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि ऐकून घ्यायचं, एवढंच आमचं काम. ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. आतल्या पानावर एका गावाचं आणि एका माणसाचं नाव हमखास असायचं. आपल्या ओळखीचं नाही ना, एवढं पाहून माणसं चहा प्यायची.

आमचा एक नियम होता. फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही आणि त्याचा नंबर आपल्याला दिसू द्यायचा नाही. ऑफिसातले फोन आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वलीभाईंनी मुद्दाम तशी सोय करून ठेवली होती. नंबर दिसतो म्हटलं की खेड्यातली बाई फोन करत नाही, घरी कळेल म्हणून धसका घेते. नियम चांगलाच होता, पण त्यात एक मोठी खोट होती. फोन मध्येच तुटला तर तुटला. आपल्याला परत लावता येत नाही. समोरच्यानं पुन्हा लावला तरच.

आणि आमचे फोन वायफायवर चालणारे होते. घरमालकानं तारेसाठी भिंतीला भोकं पाडू दिली नाहीत, म्हणून एका दात्यानं ते दिले. छताला थाळीएवढे पांढरे राउटर बसवले, तेही दात्यांनीच दिलेले. इथूनच आमचं घोडं अडलं.

आपल्याकडे दान दिलं की नाव लागतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव, शाळेतल्या बाकावर नाव, पाणपोईवर तर नाव पाण्यापेक्षा मोठं. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही, त्यामुळे दात्याला लाइट गेलेली आवडते. राउटर मात्र छताला, त्यावरचं नाव कोणाला दिसणार? पहिलाच दाता थोडा खट्टू झाला. तेव्हा आमच्या सचिवांना युक्ती सुचली. मोबाइल उघडला की आसपासच्या वायफायची नावं दिसतात ना, मग त्यातच दात्याचं नाव टाकून द्या! दात्यानं मोबाइल उघडला, स्वतःच्या आजोबांचं नाव हवेत पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, तेव्हापासून प्रत्येक दात्याला एक नाव. कै. अमुक स्मृती, मातोश्री तमुक प्रेरणा. त्याखेरीज सचिवांच्या केबिनचं वेगळं, हिशेबाचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. लग्नात फेटे वाटतात तशी वलीभाईंनी नावं वाटली. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं तर रुसवा, आणि रुसव्याला वलीभाई फार घाबरायचे.

इतकी नावं नकोत हे काय कोणाला ठाऊक नव्हतं? राउटर विकणाऱ्या नागपूरच्या कंपनीच्या माणसानं फोनवर बजावलं होतं, सचिवांनी स्वतः ऐकलं होतं. वलीभाईंनी मला एकदा समजावून सांगितलं. "ताई, एकेक नाव चौकात उभं राहून सारखं ओरडते. मी हाओ, मी हाओ. कोनी वापरो का न वापरो. नावं वाढली का हवेत नुसती त्याईचीच वरड. मंग बोलनाऱ्याच्या वाट्याले काय उरन?"

"मंग सांगत काहून नाई सचिवाईले?"

"सांगतो ना," ते म्हणाले आणि खाली पाहू लागले. सांगितलं नाही.

अकरावं नाव आलं ते चंद्रभानजींचं. शेंदूरजनाघाटकडचे संत्र्याचे मोठे बागायतदार. (गाव, नावं आणि काही खुणा मी बदलल्या आहेत. का ते पुढे कळेल.) त्यांनी नवा राउटर आणि पुढच्या खर्चाचं वचन दिलं होतं, वडिलांच्या स्मरणार्थ. वायफायचं नाव ठरलं 'देवमन स्मृती'. एप्रिलातली भर दुपार, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. हॉलमध्ये सतरंजी, हार, पेढे. चंद्रभानजी बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांना घेऊन आलेले. सचिवांनी राउटरखाली नारळ फोडला. मी हॉलमध्ये नव्हते. फोनच्या खोलीला काचेचं दार आहे, त्यातून मला सगळं दिसत होतं. ऐकायचं काम मात्र मी कानातल्या आवाजाचं करत होते.

एका बाईचा फोन होता. घोगरा, पण तरुण आवाज. आम्ही विचारत नाही, तरी तिनं आपणहून भागीरथा असं नाव सांगितलं. खोटं असणार हे मला कळलं.

"मी काय म्हन्ते ताई, आज घरचे सारे एका कार्यक्रमाले गेले. म्हनून लावला."

"बोल बाई, मी आईकून राहिली."

"मले काई मांगाचं नाई. मले फक्त एक नाव घ्याचं हाय."

"कोनाचं व?"

"माह्या भावाचं. गेल्या साली गेला तो. माहेरी, अकोल्याकडं." ती थांबली. "विहिरीत गेला. इथं त्याचं नाव काढाचं नाई म्हन्तात. ननंदेची सोयरीक जुळून राहिली, लोकाईले समजलं तं मोडन. मी काय म्हन्ते, साल झालं, एकडाव त्याचं नाव घेतलं नाई मी. रडली बी नाई. अशानं मानूस आतून सडते का वो ताई?"

"नाई सडत. तू घे नाव. माह्याजवळ घे."

"आमच्या बागेतबी विहीर हाय. पानी खोल गेलं तिचं. मी वाकून पाह्यते तं आतून हाक येते मले. त्याचीच येते. रोज. आज तं घरी कोनीच नाई, म्हनून मी..."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. सचिव म्हणाले असतील, आता आपापले मोबाइल काढा. मला काचेतून दिसलं, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, बोटं चालू लागली, देवमन स्मृती कोणाला आधी सापडते याची चढाओढ. आणि माझ्या कानात तिचा आवाज फाटायला लागला. एक अक्षर यायचं, दोन गळायची. "ता... कून राहि... का?" मग पुन्हा, लांबून, "ताई, आई..." मग काहीच नाही.

मी ओरडले, "आईकून राहिली! बोल, मी हाओ!" पण ओरडून काय होणार. फोन मेला होता.

मी दार उघडून हॉलमध्ये गेले. वलीभाई स्टुलावर चढून राउटरवरचा हार नीट करत होते. माझा चेहरा पाहिला आणि हार त्यांच्या हातातून पडला. मी तिथं, पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. त्यांना आत बोलावलं आणि मग जे बोलायचं ते बोलले. माझं तोंड तिखट आहे, त्या दिवशी त्याला धरबंध राहिला नाही. "एक बाई विहिरीच्या काठावर उभी हाय अन् तुमी नावं वाटून राहिले! आता लाव म्हना फोन. कोनाले लावता?" वलीभाई भिंतीला टेकले. ते तोंडानं श्वास घेत होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, आणि तिचा नाही म्हटल्यावर त्याहून जास्त. दुपार झाली की मी जागेवरून उठायची नाही, पाणी प्यायलाही नाही. सकाळी वर्तमानपत्राची घडी उघडायला हात धजायचा नाही. वलीभाई माझ्या आधी येऊन बसलेले असायचे, चार पेपर घेऊन, त्यात एक उर्दू. एकेक ओळ बोटानं वाचायचे. विहीर हा शब्द आला की बोट थांबायचं. मग मान हलवायचे, ही नाही. पुरुष होता, किंवा म्हातारी होती. दुसऱ्या कोणाच्या मरणावर आपण सुटकेचा श्वास टाकतो आहोत हे ध्यानात आलं की दोघांनाही एकमेकांकडे पाहवायचं नाही.

त्यांचं जेवण तुटलं. त्यांची बायको जहाँआरा मला भेटायला आली. म्हणाली, "ताई, हे झोपेत उठून बसतात अन् म्हन्तात, हाओ, हाओ, आवाज येऊन राहिला. कोनाचा आवाज वो?" मी तिला काय सांगणार? कामाचा ताण आहे म्हटलं.

शेवटी सचिवांनी बैठक बोलावली. ऑफिसला वायफायची नावं हवीत किती, हा एकच विषय. खरं तर दोन मिनिटांचं काम. वलीभाई उभे राहून म्हणाले, "दोन. एक फोनाचं, एक बाकी साऱ्याचं." आवाज इतका बारीक की सचिवांनी पुन्हा विचारलं. मग गलका झाला. हिशेबवाल्या बेबीताई म्हणाल्या, माझं नाव काढाल तर प्रिंटरवरून माझा कागद कसा निघेल? सचिव म्हणाले, केबिनचं काढा, माझी हरकत नाही, पण दात्यांचं कसं काढणार? निदान चंद्रभानजींचं तरी राहू द्या, पुढच्या वर्षाची सगळी भिस्त त्यांच्यावर.

"एकाचं ठेवलं तं बाकीचे विचारतीन, आमच्याच बापानं काय घोडं मारलं?" वलीभाई म्हणाले.

हे मात्र सगळ्यांना पटलं. आपल्या लोकांना सगळे उपाशी राहिलेले चालतात, एकाच्या ताटात जास्तीचा लाडू चालत नाही. तेव्हा असं ठरलं की आधी चंद्रभानजींची परवानगी घ्यावी, ते हो म्हणाले तर बाकीचे मुकाट ऐकतील. जाणार कोण? सचिवांना नेमकं एक लग्न निघालं. राहिलो मी आणि वलीभाई.

एसटीत ते आतल्या बाजूला बसले, मी खिडकीशी. मोर्शी मागे टाकेपर्यंत मांडीवरची छत्री दोन्ही हातांनी धरून होते. मग म्हणाले, "ताई, मले भेव वाटून राहिलं."

"ते तं रोजचंच हाय."

"तसं नाई. त्याईच्या मेलेल्या बापाचं नाव हाय. अन् पुसनारा कोन, तं वली. उद्या कोनी असं म्हटलं, का पाहा, यानं मुद्दाम पुसलं, तं? तुमाले कोनी असं म्हननार नाई. मले म्हनतीन."

त्यांच्या सगळ्या भीतींवर मी हसले होते, कुलपाच्या, छत्रीच्या, खिडकीच्या. या भीतीवर मला हसू आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "बोलाचं मी. तुमी फक्त बसा."

चंद्रभानजींचं घर बागेतच होतं. बाग म्हणजे काय, अर्ध्या बागेत झाडांची बुडं उरली होती आणि उरलेली झाडं वाळून करड्या रंगाची झाली होती. त्यांनी आम्हाला आदरानं बसवलं. माणूस वाईट नव्हता. भिंतीवर आमच्या संस्थेचं कॅलेंडर टांगलेलं, खाली मोठ्या आकड्यांत फोनचा नंबर. मी विषय काढला, हवेतल्या नावांच्या ओरडीची गोष्ट सांगितली, फोन तुटतात ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग त्यांनी खिडकीतून बागेकडे हात केला.

"ताई, हे बाग माह्या बापानं लावली. खांद्यावर पानी आनून जगवली. यंदा मी आपल्या हातानं झाडं तोडून राहिलो. पाहा, त्या तिथं विहीर हाय, त्याईनंच खंदली, तिचंबी पानी गेलं. बाग गेली, पानी गेलं. एक नाव ठेवलं तुमच्या हवेत, तं तेबी तुमच्या डोयात आलं?"

मी विहिरीकडे पाहिलं. बुटका कठडा, एका बाजूनं ढासळलेला.

"प्राजक्ता, पाव्हन्याईले च्या आन व," आतून चंद्रभानजींच्या बायकोचा आवाज आला.

ट्रे घेऊन सून आली. डोक्यावर पदर, बारीक अंगाची. ती सासऱ्यांना हळूच म्हणाली, "मी काय म्हन्ते मामाजी, साखर येगळी आनू का?"

तोच घोगरा आवाज. आणि तेच 'मी काय म्हन्ते'.

जिवंत होती. समोर उभी होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. आणि त्याच क्षणी दुसरी भीती अंगावर आली, पहिलीपेक्षा मोठी. मी तोंडातून एक शब्द चुकीचा काढला तर हिचा फोन कायमचा बंद होईल, आणि नाही काढला तर ती विहीर इथून हाकेच्या अंतरावर आहे. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. घरचे सारे एका कार्यक्रमाला गेले, असं ती म्हणाली होती. तो कार्यक्रम आमचाच. ज्या घराच्या नावाचा नारळ फुटत होता, त्याच घरच्या सुनेचा आवाज त्या नावांच्या गर्दीत बुडाला होता.

मी चंद्रभानजींकडे पाहत, पण मोठ्यानं बोलले. "मी स्वतः फोनवर बसते, दादासाहेब. त्या दिवशी एक लेकरू बोलता बोलता तुटलं. मी आईकूनच राहिली होती. तिनं पुन्हा लावला तं आता तुटनार नाई. माहा शब्द हाय."

ट्रेमधल्या कपबशा वाजल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, एवढंसं, आणि पदर पुढे ओढून आत गेली.

"तुमचा शब्द तुमच्याजवळ," चंद्रभानजी उठत म्हणाले. "माह्या बापाचं नाव निघनार नाई." मग त्यांची नजर वलीभाईंवर गेली. "अन् काढनार कोन? तू?"

वलीभाईंनी हातातली बशी खाली ठेवली. चहा सांडला होता.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसले. वलीभाईंनी विचारलं, "ताई, ते बाई जिवंत असन का वो?"

हो, एवढं एक अक्षर म्हटलं असतं तर त्या माणसाला त्या रात्री झोप लागली असती. पण ज्याचा फोन त्याची गोष्ट, ती दुसऱ्याला सांगायची नाही, सहकाऱ्यालासुद्धा नाही. शब्द माझ्या दातांपर्यंत आला. मी तो गिळला आणि म्हटलं, "माहीत नाई."

त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली. मग म्हणाले, "तुमी तं शब्द देऊन बसल्या. तुटनार नाई म्हनून."

"हाओ."

"आता?"

मी हातातल्या तिकिटाची घडी करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर वलीभाई कॉम्प्युटरसमोर बसलेले. मी मोबाइल उघडून पाहिला. यादीत दोनच नावं होती, एक 'फोन' आणि एक 'कार्यालय'. बाकी हवा स्वच्छ. सचिव आले, त्यांनीही पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वलीभाई, अहो, विचारलं का कोणाला?"

"नाई," वलीभाई म्हणाले. "इचारलं असतं तं भेव वाटलं असतं."

हॉलच्या भिंतीवर त्यांनी पेंटर बोलावून सगळ्या दात्यांची नावं ऑइलपेंटनं लिहून घेतली, सर्वांत वर देवमनजींचं. तो खर्च त्यांनी स्वतः केला. मला वाटत होतं की एका मोठ्या भीतीनं त्यांच्या बाकी सगळ्या भीती खाऊन टाकल्या असतील. तसं काही झालं नाही. ते त्या दिवशीही कुलूप दोनदा ओढून गेले.

त्यानंतर आम्ही दोघं वाट पाहायला लागलो. ते चंद्रभानजींची आणि मी तिची. चार दिवस, पाच दिवस, मी मोजणं सोडलं. ढासळलेला कठडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. कितीदा वाटलं, उठावं आणि चंद्रभानजींना सरळ सांगावं, तुमची सून सांभाळा. पण सांगून ते काय करतील? विहिरीवर जाळी टाकतील आणि तिच्या हातातला फोन काढून घेतील. नाव तर तरीही घेऊ देणार नाहीत.

आणि एक दिवस चंद्रभानजी आले. डोळे तपासायला बायकोला घेऊन अमरावतीला आले होते, मुलगाच गाडी चालवत होता, मुलगीही सोबत होती. बायको-मुलांना दवाखान्यात सोडून ते एकटे वर आले. हॉलमध्ये उभे राहून त्यांनी मोबाइल काढला. काचेतून मी पाहत होते. बोटानं यादी वर-खाली केली, पुन्हा केली. मग मान वर केली आणि वलीभाईंना हाक मारली.

त्याच वेळी माझ्यासमोरचा फोन वाजला.

"मी काय म्हन्ते ताई," घोगरा आवाज आला. "आज परत घरी कोनी नाई."

माझा उजवा हात आपोआप वर गेला. फोन चालू आहे, आत येऊ नका, अशी आमची ती खूण. वलीभाईंनी ती पाहिली. कोणाचा फोन, काय, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते चालत जाऊन काचेच्या दाराला पाठ लावून उभे राहिले, चंद्रभानजींच्या समोर.

"कुठं हाय माह्या बापाचं नाव?" चंद्रभानजींचा आवाज काचेतूनही आत येत होता. "कोनी काढलं?"

"मी काढलं जी."

"तुले कोनी हक्क देल्ला रे? माह्या बापाचं नाव पुसाले तू कोन?"

माझ्या कानात तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून, शेजारी बसल्यासारखा. "ताई, आज आवाज साफ येऊन राहिला," ती म्हणाली. "तुटन तं नाई?"

"नाई तुटनार. कुठं बसली हायेस तू?"

"घरात. सयपाकघरात. विहिरीवर नाई गेली. तुमी म्हटलं होतं ना, पुन्हा लाव म्हनून."

माझे डोळे भरून आले. बाहेर चंद्रभानजींचा आवाज चढत होता. उद्या संस्थेला एक पैसा देणार नाही, वर्तमानपत्रात देईन, याला आधी कामावरून काढा. वलीभाईंनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. ज्या प्रसंगाला ते सगळा जन्म भ्यायले, तो आता नेमका समोर उभा होता, आणि मागे सरकायला जागा नव्हती, कारण मागे दार होतं.

"मले जे म्हनाचं ते म्हना जी," ते म्हणाले. "फक्त हळू बोला. आत फोन सुरू हाय."

चंद्रभानजी गप्प झाले. का कोण जाणे. कदाचित वलीभाईंचे जोडलेले हात दिसले असतील, कदाचित त्यांची नजर माझ्या भिजलेल्या चेहऱ्यावर गेली असेल.

"घे बाई," मी फोनमध्ये म्हटलं. "आता घे नाव."

पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास.

"श्रावन," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं, वर्षभराचं. "श्रावन. माहा श्रावन. श्रावनदादा."

"आनखी घे. मी आईकून राहिली."

ती नाव घेत राहिली. काचेपलीकडे तिचा सासरा मोबाइल हातात धरून उभा होता, आणि वलीभाई हात जोडून दाराला पाठ लावून उभे होते, फोन संपेपर्यंत.